पीटरनं स्वतः उडी मारली!

बाप्पा, तुमच्या स्पायडरमॅनच्या फॅनकथेचा काय भाग लिहिलाय ताई! १९७३ च्या मूळ कॉमिकमध्ये पुलावरून पडणाऱ्या ग्वेनला, म्हणजे पीटरच्या प्रेयसीला, स्पायडरमॅनचं जाळं पकडतं खरं, पण त्याच झटक्यानं तिची मान मोडते. तुमचा पीटर, म्हणजे मुखवट्यामागचा स्पायडरमॅन, तिच्यामागे स्वतः उडी घेतो, आधी तिला छातीशी धरतो, मग जाळ्यानं दोघांचा वेग हळूहळू कमी करतो. अगदी बरोबर! एवढ्या वेगानं खाली येणाऱ्याला एकदम थांबवलं की त्या हिसक्यानं मान मोडू शकते. सीताबर्डीला मेट्रो बदलताना फलाटावर उभ्यानंच वाचलं, डोळे भरून आले. फक्त त्या खलनायकाला, ग्रीन गॉब्लिनला, इतक्या लवकर काहून पळवलं? आणि शुद्धीवर आल्यावर ग्वेन पीटरला काय म्हणते, ते सविस्तर लिहा. त्याचा मुखवटा तर तिनं पाहिलाय उतरलेला.