विमा हा पगाराचा भाग आहे, मालकाचा प्रसाद नव्हे

आज दुपारी एका ओळखीच्या ग्रुपवरची चर्चा वाचली आणि डोकं फिरलं. विषय अमेरिकेतला. मालकाच्या धर्मात संततिनियमन बसत नसेल, तर कर्मचाऱ्यांच्या आरोग्य विम्यातून गर्भनिरोधकं वगळायची मुभा त्याला असावी का? एरवी शहाणीसुरती माणसं लिहीत होती, "मालकाचे पैसे, मालकाची मर्जी. बायकांनी दुकानातून गोळ्या विकत घ्याव्यात."

मालकाचे पैसे कसले? दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, तिथल्या सरकारने पगारवाढीला लगाम घातला. माणसं टिकवायची तर काहीतरी द्यायला हवं, म्हणून कारखानदारांनी वाढीव पगाराऐवजी विमा द्यायला सुरुवात केली. पुढे त्यावर करसवलत मिळाली आणि विमा नोकरीला चिकटला तो आजतागायत. म्हणजे बाई राबते त्याचा मोबदला थोडा डॉलरात मिळतो, थोडा विम्यात. वर हप्त्याचा काही भाग बहुतेक ठिकाणी तिच्याच पगारातून कापतात. डॉलरातल्या हिश्श्याचं तिने काय करावं हे मालक विचारू शकत नाही. मग विम्यातल्या हिश्श्यावर त्याचा देव कुठून आला?

"दुकानातून घ्या" म्हणणाऱ्यांनी सँड्रा फ्लूकची साक्ष एकदा वाचावी. फेब्रुवारी २०१२. या विषयावर संसदेच्या समितीपुढे सुनावणी झाली, तेव्हा साक्षीदारांच्या पहिल्या फळीत सगळे पुरुष होते. जॉर्जटाउन या जेझुइट विद्यापीठात कायदा शिकणाऱ्या फ्लूकला बोलू दिलं नाही. आठवड्याभराने डेमोक्रॅट खासदारांपुढे तिने आपल्या मैत्रिणीची हकिकत सांगितली. मैत्रिणीला पीसीओएस हा अंडाशयाचा आजार. अंडाशयावर गाठी होऊ नयेत म्हणून गोळ्या लागायच्या, खर्च महिन्याला शंभर डॉलरच्या वर. ती समलिंगी होती, गर्भ राहण्याचा प्रश्नच नव्हता. विद्यापीठाच्या विम्यात आजारासाठी गोळ्या चालतील असं कागदावर लिहिलेलंही होतं. तरी क्लेम पुन्हा पुन्हा नाकारला गेला, पैसे संपले, गोळ्या बंद झाल्या. एका रात्री ती असह्य वेदनांनी उठली. टेनिस बॉलएवढी गाठ झाली होती. अंडाशय काढावं लागलं.

कागदावर सूट होती, हे विसरू नका.

आता कायदा. २०१० च्या आरोग्य कायद्यात (ज्याला सगळे ओबामाकेअर म्हणतात) बायकांच्या प्रतिबंधक सेवा मोफत असाव्यात ही दुरुस्ती सिनेटर बार्बरा मिकुल्स्की यांनी आणली. ऑगस्ट २०१२ पासून सुरू होणाऱ्या विमा वर्षांत मान्यताप्राप्त गर्भनिरोधकं को-पे (रुग्णाने स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम) न लावता देणं बंधनकारक झालं. चर्चना पहिल्यापासून सूट होती. धार्मिक संस्थांची रुग्णालयं, कॉलेजं यांच्यासाठी मधला रस्ता काढला: एक फॉर्म भरून "आम्हाला हे मान्य नाही" एवढं कळवायचं, मग विमा कंपनी वेगळ्या खात्यातून खर्च करेल. संस्थेने एक सेंटही द्यायचा नाही. तर म्हणे, तो फॉर्म भरणं हेसुद्धा पाप!

याच फॉर्मविरुद्ध कोर्टात गेलेल्या लिटल सिस्टर्स ऑफ द पूअर या कॅथलिक जोगिणी (नन) गरीब म्हाताऱ्यांची सेवा करतात, मनापासून करतात, त्यांच्या श्रद्धेत खोट आहे असं मी म्हणणार नाही. ठीक. पण त्यांच्या आड कोण कोण उभं राहिलं ते बघा.

हॉबी लॉबी. हस्तकलेच्या सामानाची दुकानं, पाचशेच्या वर, कर्मचारी सुमारे तेरा हजार. मालक ग्रीन कुटुंब. मान्यताप्राप्त वीस पद्धतींपैकी चारवर त्यांचा आक्षेप: संबंधांनंतर घ्यायच्या दोन गोळ्या आणि दोन प्रकारच्या आययूडी, म्हणजे आपल्याकडच्या तांबीसारखी साधनं. म्हणणं असं की त्यांनी गर्भपात होतो. ३० जून २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी त्यांच्या बाजूने कौल दिला. श्रद्धा प्रामाणिक आहे ना, एवढंच कोर्टाने पाहिलं. वैद्यकीयदृष्ट्या बरोबर आहे का, हे पाहिलं नाही. डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने प्लॅन बी या गोळीच्या माहितीपत्रकातला रुजवणीचा उल्लेखच काढून टाकला, कारण ती बीजाचं विमोचन रोखते किंवा लांबवते, फलित बीज रुजण्यात आड येत नाही.

आणि हॉबी लॉबीचा निकाल ज्या १९९३ च्या धर्मस्वातंत्र्य कायद्यावर उभा आहे, तो आला कुठून? ऑरेगनमधल्या दोन कामगारांच्या खटल्यातून. मूलनिवासी चर्चच्या विधीत पेयोटी हे नशा आणणारं निवडुंग घेतलं म्हणून त्यांची नोकरी गेली आणि बेकारभत्ताही नाकारला. १९९० मध्ये ते हरले, त्यावर देशभर संताप झाला, म्हणून हा कायदा. नोकरी गेलेल्या गरिबाच्या रक्षणासाठी केलेलं हत्यार तेरा हजार माणसांच्या मालकाच्या हाती गेलं! याचा राग येऊ नये तर कशाचा यावा? न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी विरोधी निकालपत्रात लिहिलंय की आययूडीचा खर्च किमान वेतनावरच्या बाईच्या जवळजवळ महिन्याच्या कमाईएवढा होतो. "विकत घ्या" म्हणे.

आपल्या लोकांना हे परकं वाटायचं कारण नाही. र. धों. कर्वे विल्सन कॉलेजात गणित शिकवत. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. मिशनरी कॉलेजला ते खपलं नाही. प्रचार सोडा नाहीतर नोकरी सोडा. त्यांनी नोकरी सोडली. आज त्यांचं नाव अभिमानाने घेणारेच त्या ग्रुपवर मालकाची बाजू लढवतात.

२०१७ मध्ये ट्रम्प सरकारने सूट आणखी सैल केली. फॉर्मही नको, धार्मिक किंवा नैतिक आक्षेप पुरे. जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ ने सरकारला तसा अधिकार असल्याचं मान्य केलं. किती बायकांचा लाभ जाईल? सरकारचाच अंदाज ७०,५०० ते १,२६,४००. ऑगस्ट २०२५ मध्ये फिलाडेल्फियाच्या न्यायाधीश वेंडी बीटलस्टोन यांनी ते नियम मनमानी ठरवून रद्द केले, त्यावर जोगिणींनी अपील केलं. आनंद झाला, पण कोर्टाच्या भरवशावर कुणी राहू नये.

म्हणून तिकडे असलेल्या मुलींनो, सुनांनो, आता शांतपणे सांगते. एचआरला ईमेलवर विचारा, लेखी उत्तर घ्या: प्लॅन सेल्फ-फंडेड आहे (म्हणजे क्लेमचे पैसे मालक स्वतः भरतो) की विमा कंपनीकडून घेतलेला? फरक मोठा आहे. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, इलिनॉय यांसारख्या राज्यांचे गर्भनिरोधकांबाबतचे कायदे विकत घेतलेल्या प्लॅनला लागू होतात. मालक स्वतःच्या पैशातून क्लेम भागवत असेल, तर १९७४ च्या केंद्रीय कायद्यामुळे ते लागू होत नाहीत. मग प्लॅनच्या सविस्तर कागदातलं, काय काय वगळलंय ते पान वाचा. सूट घेतलेली असली तर प्लॅन सांभाळणाऱ्या कंपनीला फोन करून विचारा की गर्भनिरोधकांचा वेगळा खर्च कोणी देतं का. कधी कधी देतात.

आययूडी बसवायची असेल तर आधी दोन गोष्टी स्वतंत्रपणे विचारा, साधनाचा खर्च आणि बसवण्याचा खर्च. बिलात त्यांचे कोड वेगळे असतात. एक मंजूर आणि दुसरा नामंजूर होऊन बिल घरी येतं. डॉक्टरने भेटीचं कारण गर्भनिरोधनाऐवजी अतिरक्तस्राव असं लिहिलं, तर मोफत सेवेऐवजी डिडक्टिबल (विमा सुरू होण्याआधी आपण भरायची रक्कम) लागू शकतो.

आजारासाठी गोळ्या घेणाऱ्यांचं नेमकं उलटं. औषधाच्या दुकानातून जाणाऱ्या क्लेमवर बहुधा आजाराचा कोड नसतो, फक्त औषधाचा नंबर असतो. प्लॅनने गर्भनिरोधकं वगळली असतील, तर संगणक तुमचा पीसीओएस बघत नाही, गोळी बघतो आणि नाकारतो. फ्लूकच्या मैत्रिणीसारखं क्लेमच्या फेऱ्यात अडकायचं नसेल, तर पहिल्या पाकिटाआधीच डॉक्टरला निदानासह विम्याची पूर्वपरवानगी मागायला सांगा. प्लॅन चांगला असून ठरावीकच ब्रँड देत असेल, तर "वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक" असं डॉक्टरने लिहिल्यावर दुसराही को-पेशिवाय द्यावा लागतो.

तोवर काही हवंच असेल तर ओपिल ही गोळी मार्च २०२४ पासून चिठ्ठीशिवाय मिळते, महिन्याच्या पाकिटाची छापील किंमत १९.९९ डॉलर. रोज त्याच वेळी घ्यायची. तीन तासांहून जास्त उशीर झाला तर पुढचे ४८ तास निरोधही वापरायचा. टायटल टेन या सरकारी कुटुंबनियोजन योजनेतल्या दवाखान्यांत उत्पन्न बघून फी लावतात.

क्लेम नाकारला तर रडत बसू नका आणि लाजू तर अजिबात नका. नकाराच्या पत्रावर मिळाल्याची तारीख घाला. अंतर्गत अपिलाला १८० दिवस असतात. तिथेही नाही म्हणाले, तर कंपनीबाहेरच्या तपासनिसांकडून क्लेमच्या स्वतंत्र फेरतपासणीसाठी अर्ज करायला चार महिने. कुणाला पत्राचा मसुदा हवा असेल तर इनबॉक्समध्ये या, मी लिहून देईन.