निंदणी

शेतात निंदणी म्हणजे तण उपटणं. सरकारी दप्तरातही निंदणीकरण असतं, म्हणजे मुदत संपलेले कागद निवडून नष्ट करणं. पण शेतकऱ्याला तण ओळखता येतं, आणि उपटलेल्या तणावर त्याला कुणाची सही घ्यावी लागत नाही.

नियम तसा सोपा. प्रकरण निकाली निघालं की फाईलवर वर्ग टाकायचा: ‘अ’ कायम, ‘ब’ 30 वर्षं, ‘क’ 10, ‘क-1’ 5 आणि ‘ड’ एकच वर्ष. पण फाईलवर निकालाची तारीखच नसेल, तर वर्षं मोजायची कुठून? त्यामुळे कित्येक फायली चिरंजीव होतात. उरलेल्या वर्ग टाकणारा अमर करतो. ‘अ’ लिहिला म्हणून कुणाला कारणे दाखवा नोटीस आल्याचं मी ऐकलेलं नाही. उलट अभिलेख नियमबाह्य नष्ट केला, तर 2005 च्या महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैदेची सोय आहे, म्हणजे बरोब्बर ‘क-1’! मग ‘दुपारी तीनच्या सभेस उपस्थित राहावे’ हे पत्रही कायमचं जपलं जातं.

गठ्ठा सोडणं हे वेगळंच प्रकरण. रुमालाची, म्हणजे फायली बांधायच्या कापडाची, गाठ अशी मारलेली असते, की बांधणारा निवृत्त झाल्याशिवाय सुटूच नये. (सरकगाठ मारा हो, बैल बांधायचा नाहीये.) आत गंजलेली टाचणी. ती ओढली की कागदाचा तुकडा सोबत घेऊन येते, आणि नेमका सहीचा. म्हणून कागद सपाट ठेवून आधी गंज सैल करायचा, मग टाचणी हळूच सरकवायची. पुढे पृष्ठांकन. 47 नंतर एकदम 49. इथे हुशार माणूस 49 चा 48 करतो आणि गोत्यात येतो, कारण टिपणीत ‘पान 49 पाहावे’ असं आधीच लिहिलेलं असतं. ‘पान 48 आढळले नाही’ अशी नोंद करून खाली सही-तारीख टाकावी, नि आकड्यांना हात लावू नये.

गठ्ठ्याच्या चिठ्ठीवर शाखा आणि वर्ष सगळेच लिहितात. नष्ट करायचं वर्ष लिहिणारा विरळा. ते असलं तर निम्मी निंदणी तिथेच झाली. रॅक भिंतीला चिकटवू नये, वाळवी भिंतीवरूनच येते आणि ती वर्ग बघत नाही.

फाईल काढली की तिच्या जागी कुणी, कधी नेली याची चिठ्ठी ठेवायची. नाहीतर माहिती अधिकाराचा अर्ज येतो, 30 दिवसांचं घड्याळ सुरू होतं आणि उत्तर मिळतं, ‘साहेबांकडे आहे.’ कोणत्या? मधे तिघांची बदली झालेली.

एवढं करून ‘ड’चे कागद निघालेच, तर यादी करा, मंजुरी घ्या, मग बारीक तुकडे करा, अख्खे रद्दीत घातले तर भज्यांच्या पुडीवर अर्जदाराचं नाव-गाव वाचायला मिळतं. कागद गेले तरी यादी जपावी लागते. तिची फाईल होते, तिला रुमाल लागतो, आणि वर्ग पडतो ‘अ’.