मागाच्या चालीवरचं हाऊस

आमच्या बेळगावातल्या वडगावच्या एका पोराची रेकॉर्ड आली आहे. चार ट्रॅक, सत्तावीस मिनिटं, हाऊस म्युझिक, म्हणजे मशीनच्या ठेक्यावरचं नाचाचं संगीत. पाठीशी कंपनी नाही की स्टुडिओ नाही. घराच्या मागच्या खोलीत एक लॅपटॉप, जुना कीबोर्ड आणि हेडफोन, एवढ्यावर केलंय सगळं. त्याला नाव पुढं करायचं नाही म्हणून मी लिहीत नाही. लिंक पहिल्या कमेंटमध्ये आहे. गेले आठ दिवस मी दुसरं काही ऐकलेलं नाही.

बेळगावात 'डीजे' म्हटलं की मिरवणुकीतली बॉक्सची भिंत आणि छातीत बसणारे ठोके आठवतात. त्यामुळं हाऊसचं नाव काढलं की घरातली मोठी माणसं आधीच आवाज कमी कर म्हणतात. पण या संगीताची गोष्ट वेगळी आहे. शिकागोत 'वेअरहाऊस' नावाचा क्लब होता, त्यावरून हे नाव पडलं. 1977 पासून तिथं फ्रँकी नकल्स रेकॉर्डी लावायचा. नाचायला येणारी बरीचशी पोरं काळी आणि समलिंगी, बाहेर त्यांना मोकळेपणानं वावरायला जागा नव्हती. पुढं 1984 च्या सुमाराला तिथल्याच पोरांनी ड्रम मशीन घेऊन स्वतःच्या रेकॉर्डी करायला घेतल्या. मोठ्या कंपनीची वाट कुणी बघत बसलं नाही. मागच्या खोलीत बसून रेकॉर्ड करणं ही या संगीताची मूळचीच रीत आहे.

ठेका एकदम सरळ. चारही मात्रांवर किक, म्हणजे ड्रमचा जड ठोका, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टाळी, मधल्या फटीत हाय-हॅट, म्हणजे झांजेसारखा बारीक आवाज. मिनिटाला साधारण 120 ते 130 ठोके. 'तेच तेच वाजतंय' अशी तक्रार करणाऱ्यांनी हरिपाठानंतरचा गजर आठवावा. नाव तेच असतं, टाळ तेच असतात, आणि तरी दहा मिनिटांनी आपण सुरुवातीच्या जागी उरलेले नसतो.

पहिला ट्रॅक लावला आणि मी उठून खिडकीशी गेलो. वाटलं, शेजारचा माग सुरू झाला. माग होताच, पण रेकॉर्डमधला! पोरानं वडिलांच्या पॉवरलूमचा आवाज मोबाईलवर धरलाय. आडवा धागा नेणारा धोटा पिकरच्या फटक्यानं एका टोकाला पोचतो तो खट, परत दुसऱ्या टोकाला खट, आणि मध्ये तो धागा घट्ट बसवायला फणी ठोकते तो जड दणका. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या शेडमध्ये जाऊन घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला 124 ठोके. ट्रॅकचा वेगही 124. त्यानं गाणं मागावर बसवलंय, मागाला गाण्यावर ओढलेलं नाही. व्होल्टेज पडलं की माग जरा ढिला होतो. तो हेलकावासुद्धा त्यानं कॉम्प्युटरवर सरळ केला नाही, किकलाच त्याच्यामागं चालवलंय. माझ्या मते या रेकॉर्डचा सगळा जीव या एका निर्णयात आहे.

तिसरा ट्रॅक मात्र मला पटला नाही. माग गायब, वर तयार सॅम्पलमधला, म्हणजे दुसऱ्यानं आधीच रेकॉर्ड केलेल्या तुकड्यातला, इंग्रजी आवाज. असा ट्रॅक कुठल्याही शहरात होऊ शकला असता. हे मी त्याला तोंडावर सांगितलंय.

एकानं विचारलं, रेकॉर्ड मराठी की कन्नड? सीमाभागात वाढलेल्या माणसाला हा प्रश्न हलका वाटत नाही, मलाही वाटत नाही. दुसऱ्या ट्रॅकमध्ये पाठीमागं कांड्या भरणाऱ्या, म्हणजे धोट्यासाठी सूत गुंडाळणाऱ्या बायका बोलतात. अर्धं वाक्य मराठी, अर्धं कन्नड, वडगावात रोज कानावर पडतं तसं. माझ्याकडं याहून खरं उत्तर नाही.

चरणजित सिंग या वादकानं 1982 साली मुंबईत सिंथेसायझर आणि ड्रम मशीन घेऊन राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले होते. तेव्हा त्या रेकॉर्डकडं फारसं कुणी बघितलं नाही. 2010 साली ती परदेशातून पुन्हा निघाली आणि मग जगभर बोलबाला झाला. अठ्ठावीस वर्षं! या पोराला तेवढी वाट बघायला लागू नये, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून विनंती आहे, विकत घ्या. रेकॉर्ड बँडकॅम्प या गाणी विकणाऱ्या वेबसाइटवर आहे; ते डिजिटल विक्रीतले 15 टक्के ठेवून घेतात, वर पैसे भरण्याचा खर्च जातो, बाकी त्याच्या हातात पडतं. पाव किलो कुंद्याला जातात तेवढे पैसे. आणि मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका, त्यात फणीचा दणका येतच नाही. हेडफोन लावा, सलग ऐका. चौथ्या ट्रॅकच्या शेवटी करंट जातो, माग हळूहळू थांबतो, आणि मग शेडमधला पंखा फिरायचा थांबेपर्यंत तो ऐकू येत राहतो.

परवा त्यानं वडिलांना हेडफोन लावून पहिला ट्रॅक ऐकवला. मी तिथंच होतो. त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकला, हेडफोन काढले आणि म्हणाले, "हे दोन नंबरचं माग न्हवं काय गा? पिकर झिजल्यापासनं असंच वाजतंय की ते."