‘घरच्यांनी करायचं काम’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार गोदाकाठकर,

मेंदूच्या दुखापतीनंतरच्या पुनर्वसनासाठी केंद्र हवं, या माझ्या मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा चिडून, दुसऱ्यांदा चहा घेऊन. तुमचं म्हणणं असं, की डोक्याला मार लागलेल्याचा जीव वाचवला की सरकारचं काम संपलं. पुढे चालायला-बोलायला शिकवणं घरच्यांनी बघावं. आणि सरकारी दवाखान्यात खाटांची मारामार असताना पुनर्वसन केंद्र मागणं ही चैन आहे.

आधी माझी चूक. ‘नाशकात काहीच सोय नाही’ असं मी मागच्या लेखात लिहिलं, ते चुकलं. फिजिओथेरपी सरकारी दवाखान्यातही मिळते आणि ती देणारी माणसं मनापासून राबतात. माझा राग त्यांच्यावर नव्हता.

पण ‘घरच्यांनी’ या शब्दापाशी मी अडतो. माझा मामेभाऊ तेवीस वर्षांचा. पेठ रोडवर बाईक घसरली. (हेल्मेट होतं, आरशाला लटकवलेलं. त्यावर पुन्हा कधीतरी.) कवटीचं ऑपरेशन झालं, टाके निघाले, डिस्चार्ज कार्डावर ‘फिजिओ चालू ठेवणे’ एवढी ओळ. सहा आठवड्यांत तो चालायला लागला. नातेवाईक म्हणाले, झाला की बरा! मग तो गॅसवर दूध ठेवून विसरू लागला. पाणी हवं असलं की ‘चावी’ म्हणायचा आणि समोरच्याला कळलं नाही की ताट भिरकवायचा. मामी म्हणायची, पोरगं बिघडलं. बिघडलं नव्हतं. राग आवरणं, पुढचं ठरवणं, हातातलं काम तडीस नेणं हे सगळं मेंदूचा कपाळामागचा भाग सांभाळतो. तोच दुखावला होता. हे आम्हाला कळायला आठ महिने गेले, आणि सुधारणेचा वेग सगळ्यात जास्त असतो तो या पहिल्याच महिन्यांत. मामी हातपाय चोळून देईल हो, पण हरवलेला शब्द परत कसा आणायचा हे तिला कुठून ठाऊक असणार? त्याला स्पीच थेरपिस्ट लागतो. आंघोळीपासून गॅस बंद करण्यापर्यंतचं पुन्हा बसवायला ऑक्युपेशनल थेरपिस्ट लागतो.

‘योजना आहेत की,’ असंही तुम्ही लिहिलंय. आहेत. रस्ते अपघातातल्या जखमींसाठी केंद्राने २०२५ मध्ये दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचारांची योजना आणली. चांगली आहे. मुदत मात्र अपघातापासून ७ दिवस. तोवर कित्येक जण शुद्धीवरसुद्धा आलेले नसतात. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात दिव्यांगत्वाचे प्रकार ७ चे २१ झाले, पण मेंदूच्या दुखापतीला त्यात स्वतंत्र रकाना नाही. तपासणीत दिव्यांगत्व ४० टक्क्यांच्या आत भरलं तर बहुतेक लाभ नाहीत. आमचा गडी तपासणीला दोन्ही पायांनी चालत गेला. टक्के कशाचे मोजणार? त्याच कायद्याचं २७ वं कलम मात्र पुनर्वसनाचं काम सरकारवर आणि स्थानिक संस्थांवर टाकतं. ‘आर्थिक क्षमतेनुसार’ अशी फट ठेवून, पण टाकतं.

मुंबईला हाजीअलीजवळ केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. पण थेरपी आठवड्यातून तीन-चारदा लागते. पंचवटी एक्स्प्रेसनं जाऊन-येऊन किती दिवस करणार? सुरगाण्याच्या माणसाला तर आधी नाशिकच गाठायचंय.

आणि चैन कसली? लहान मुलांसाठी हे सरकारनंच मान्य केलंय. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. फिजिओ, स्पीच थेरपी, मानसतज्ज्ञ एका छताखाली, वय १८ पर्यंत. अठरा पूर्ण झाली की दार बंद. मी मागतो ते एवढंच, की तेच दार मोठ्यांना आठवड्यातून दोन दिवस उघडा आणि एक दिवस कळवणच्या उपजिल्हा रुग्णालयातही बसा. राज्यभरच्या फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपीच्या पदव्या आपल्या म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठातून निघतात, मग हात आखडायचा कशाला?

शेवटी तुम्ही विचारलंत, भाऊ आता कसा आहे. परवा त्यानं मला चावी मागितली. मी सवयीनं पाण्याचा ग्लास पुढे केला. त्याला खरंच चावी हवी होती.