तीन घराणी, एक शागीर्द

बँकेतून निवृत्त झाल्यावर करावयाच्या कामांची घरच्यांनी तयार केलेली यादी भाजी आणण्यापासून सुरू होऊन मधे मधे न बोलण्यापाशी संपत असल्यामुळे मी वेब डिझाइनच्या सहा महिन्यांच्या वर्गात नाव घातले. वर्गाच्या माहितीपत्रकात ‘स्वतःचा लॅपटॉप आवश्यक’ एवढेच छापलेले होते. कोणता, हे मी चार लोकांना विचारायला निघालो आणि माझे दोन महिने त्यात गेले.

गाण्यातली घराणी मला ऐकून ठाऊक होती. संगणकातही ती असतात आणि तिथेही स्वतःच्या घराण्याचे नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतात व दुसऱ्याचे घेताना नाक मुरडतात, हे मला नव्याने कळले. ही घराणी म्हणजे संगणक चालवणाऱ्या मूळ प्रणाली: मॅक, विंडोज आणि लिनक्स. भाचा अ‍ॅपलच्या मॅक घराण्याचा. त्याने सुरुवातच कुळापासून केली. “मामा, टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली पहिला वेब ब्राउझर लिहिला तो नेक्स्टच्या संगणकावर. नेक्स्ट ही स्टीव्ह जॉब्सची कंपनी, आणि आजची मॅकओएस त्याच वंशातली.” कुळ निर्दोष असल्याची खात्री पटल्यावर मी किंमत विचारली, तेव्हा ती किंमत नसून गुंतवणूक आहे असे तो म्हणाला. बँकेत उभी हयात गेल्यामुळे हे वाक्य कानावर पडले की माझा हात आपोआप खिशावर जातो.

शेजारचे नाना विंडोजचे. “अहो, बिघडला तर कोपऱ्यावरच्या दुकानात नीट होतो, आणखी काय पाहिजे?” हा गुण त्यांनी एका बैठकीत इतक्या वेळा सांगितला की लॅपटॉप घेण्याआधी ते दुकान पाहून ठेवावे असे मला वाटू लागले. जावई लिनक्सचा. “बाबा, तुमचं पान शेवटी ज्या सर्व्हरवर, म्हणजे ते जगाला दाखवणाऱ्या संगणकावर, जाणार तो बहुतेक लिनक्सचाच असतो, मग सराव तिथेच करा, शिवाय फुकट आहे.” जावयाने सासऱ्याला काही फुकट देऊ करण्याचा हा प्रसंग आमच्या घराण्यात पहिलाच असल्याने सौभाग्यवतींनी संशय घेतला आणि मी मुलीचा कपाटात पडून असलेला विंडोजचा लॅपटॉप उचलला.

वर्गात पहिल्या दिवशी सरांनी व्हीएस कोड नावाचा जो कोड लिहिण्याचा संपादक उघडायला सांगितला, तो तिन्ही घराण्यांत चालतो. आराखडे काढण्याचे फिग्मा तर ब्राउझरमध्येच उघडते. दोन महिन्यांच्या वादावर असे पाणी पडल्याचे मी नानांना कळवले नाही.

गृहपाठ म्हणून मी आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवाचे पान रचले. घरी ते उत्तम दिसत होते. सर्व्हरवर चढवल्यावर गणपतीच तेवढा गायब झाला. पूजेचे साहित्य जागेवर, मखर जागेवर, मूर्ती नाही. दोन रात्री मी संपूर्ण कोड जपासारखा वाचून काढला. अखेर जावयाने दाखवले की छायाचित्राच्या नावाचे पहिले रोमन अक्षर कॅमेऱ्याच्या फायलीत मोठे आणि माझ्या कोडमध्ये लहान लिपीत होते. विंडोज हा भेद मनावर घेत नाही, लिनक्स घेते. “लिनक्सवर घरीच कळलं असतं,” जावई शांतपणे म्हणाला. “मॅकवर असं झालंच नसतं,” असे भाचा म्हणाला, म्हणून ते पान त्याच्या मॅकवर उघडले. तिथेही घरच्या घरी मूर्ती व्यवस्थित दिसली आणि सर्व्हरवर चढवल्यावर अंतर्धान पावली. त्या संध्याकाळी भाचा जेवायला थांबला नाही.

मूर्ती परत आली तोवर शीर्षक बिघडले होते. ‘मंगलमूर्ती गणेशोत्सव’ ही अक्षरे मी कोणताही फाँट न नेमता लिहिली होती, त्यामुळे प्रत्येक यंत्राने आपल्या घरचा फाँट काढला आणि एकच बंदिश तीन घराण्यांनी आपापल्या ढंगाने गायली. एका ठिकाणी तर ‘ल’ आणि ‘श’ चक्क हिंदी वळणाचे निघाले. कोडच्या माथ्यावर भाषा मराठी असल्याचे नोंदवून मराठी वळण असलेला फाँट पानासोबतच पाठवला, तेव्हा कुठे गणपती मराठी बोलू लागला. या एका गोष्टीसाठी मी वर्गाची फी वसूल झाली असे मानतो.

उद्घाटनाच्या दिवशी भाचा, नाना आणि जावई आपापले लॅपटॉप मांडून बसले होते. चिटणीसांनी खिशातून मोबाइल काढला. पानाची रुंदी मी मुलीच्या लॅपटॉपच्या पडद्याइतकी, म्हणजे १३६६ पिक्सेल, कायमची ठोकून ठेवली होती.

“आरतीची वेळ कुठे दिली आहे?” चिटणीस अंगठा फिरवत म्हणाले.

“उजवीकडे सरकवा,” मी म्हणालो. “आणखी थोडं. अजून.”

तिन्ही घराण्यांनी एकमेकांकडे पाहिले, आणि दोष यंत्राचा नसून शागिर्दाचा आहे यावर त्यांचे प्रथमच एकमत झाले.