‘सोडला की जगला’ हे खरं नाही

नारळी पौर्णिमा झाली, समुद्र जरा निवळला, की हौशी गरवणाऱ्यांच्या मोबाइलवर एक मजकूर फिरायला लागतो. यंदा तो मला चार जणांकडून आला. त्यातला एक माझा सख्खा भाचा. मजकूर थोडक्यात असा: ‘खरा अँगलर मासा घरी नेत नाही. पकडा, फोटो काढा, सोडा. सोडलेला मासा जगतोच, माशाला वेदना नसतात. परदेशात सगळीकडे हाच नियम आहे. ठेवायचाच झाला तर मोठा ठेवा, छोटे सोडा. कुठलाही मासा पाण्यात परत गेला की निसर्गाचं भलंच होतं. हौसेने गरवून खाणारे लोक मासे संपवतात.’

मी रेवदंड्याच्या खाडीकाठी वाढलो. वडिलांनी तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, बोटाला गुंडाळून गरवायला शिकवलं, रॉड फार नंतर आला. आज मी धरलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त मासे सोडतो, त्यामुळे सोडण्याला माझा विरोध असायचं कारण नाही. पण हा मजकूर वाचून पोरं जे करायला लागली आहेत ते पाहवत नाही, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

सोडलेला मासा जगतोच, हा पहिला आणि सगळ्यात घातक मुद्दा. काही वर्षांपूर्वी संध्याकाळच्या भरतीला खडपावर, म्हणजे किनाऱ्याच्या खडकांवर, मला एक तांबोसा लागला. गरी, म्हणजे गळाचा आकडा, पार घशाखाली गेली होती. तेव्हा मीही ‘आपण सोडणारे’ या अभिमानात होतो. पक्कड घालून ओढून ओढून गरी काढली, कल्ल्यातून रक्त आलं, सोबत्याने तीन-चार फोटो काढले, मग मी तो पाण्यात सोडला. तो दोन हात गेला, कुशीवर वळला आणि लाटेबरोबर खडपाला थडकत राहिला. पाच मिनिटांत घारीने उचलला. घरी नेला असता तर निदान एका जेवणाचं कारण तरी त्या मरणाला मिळालं असतं. मी तो वाया घालवला आणि वर लोकांना ‘सोडला’ म्हणून सांगितलं.

हा माझ्या एकट्याचा अनुभव नाही. गळाला लागून सोडलेल्या माशांपैकी किती मरतात, याच्या 274 अंदाजांचा एकत्र आढावा 2005 साली प्रसिद्ध झाला. सरासरी निघाली 18 टक्के. पण सरासरीपेक्षा तिच्यामागची तफावत महत्त्वाची आहे: निम्मे अंदाज 11 टक्क्यांच्या आत, काही शून्य, तर काही थेट 95 टक्क्यांपर्यंत. म्हणजे मासा जगेल की मरेल हे ‘सोडला’ या शब्दावर ठरत नाही. गरी कुठे लागली, पाणी किती गरम होतं, मासा किती खोलातून आला आणि आपण त्याला किती वेळ हवेत धरला, यावर ते ठरतं.

हवेतल्या वेळेबद्दल 1992 सालचा ट्राउट माशांवरचा एक प्रयोग मी प्रत्येक नव्या पोराला सांगतो. दमवलेले मासे हवेत न काढता ठेवले, तर 12 तासांनी 88 टक्के जिवंत होते. दमवून 30 सेकंद हवेत ठेवलेल्यांपैकी 62 टक्के जगले. एक मिनिट ठेवलेल्यांपैकी फक्त 28 टक्के. प्रयोगशाळेतले हे आकडे आपल्या खाडीला जसेच्या तसे लावता येणार नाहीत, जातही वेगळी आणि पाणीही वेगळं. पण एक मिनिट म्हणजे किती, हे एकदा घड्याळ लावून बघा. मोबाइल खिशातून काढायचा, ओले हात पुसायचे, कॅमेरा उघडायचा, ‘अजून एक, जरा वर धर’ म्हणायचं. यात मिनिट कधीच संपलेलं असतं. शिवाय पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. मे महिन्यात भर दुपारी दहा मिनिटं झुंजवलेल्या माशाचा दम लवकर परत येत नाही.

सोडायचं असेल तर त्याची तयारी गरी पाण्यात टाकण्याआधी करावी लागते. गरीचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करायचा, म्हणजे ती अलगद सुटते. जिवंत आमिष असेल तर गोल वळलेली गरी वापरायची, ती बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात अडकते, पोटात जात नाही. मासा कोरड्या हाताने धरायचा नाही, अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच त्याचं रोगापासून रक्षण करतो. तापलेल्या खडपावर आपटू द्यायचा नाही. गरी गिळलीच असेल तर ओढायची नाही, तोंडाजवळ तंगूस कापायचं. कित्येक मासे अशी गरी काही दिवसांनी आपोआप टाकतात.

खोल पाण्यातल्या हेकरूचं (इंग्रजीत ग्रुपर) दुखणं आणखी वेगळं. होडीतून खोलातून वर ओढला की त्याच्या आतली हवेची पिशवी फुगते आणि कधी कधी जठरच तोंडातून बाहेर येतं. असा मासा सोडला तरी खाली जाऊ शकत नाही, वर तरंगत मरतो. तो फुगा सुईने फोडणारे मी पाहिलेत. तो फुगा म्हणजे त्याचं जठर असतं, कृपा करून फोडू नका. त्याला वजन लावून पुन्हा खोलात नेऊन सोडायची साधनं मिळतात. ती जवळ नसतील, तर हेकरूच्या जागेवर सोडण्यासाठी गरवायचंच नाही.

वेदनेचा मुद्दा. माशाला माणसासारखं दुखतं का, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे आणि तो मिटलेला नाही. पण ‘काहीच वाटत नाही’ हे इतक्या सहज म्हणता येत नाही. 2003 साली ब्रिटनमध्ये झालेल्या अभ्यासात ट्राउटच्या डोक्यात आणि तोंडाभोवती इजा ओळखणारे मज्जातंतू सापडले. ओठात मधमाशीचं विष किंवा आम्ल टोचल्यावर मासे कित्येक तास खात नव्हते. आम्ल टोचलेले तर ओठ तळाच्या खड्यांवर घासत होते. गरी लागते ती नेमकी तिथेच.

‘परदेशात सगळीकडे हाच नियम’ हे तर साफ चुकीचं. स्वित्झर्लंडमध्ये 2008 पासून, मासा सोडायच्याच उद्देशाने गरवायला कायद्याने मनाई आहे. लहान किंवा संरक्षित मासा लागला तर तो सोडावा लागतो, ती गोष्ट वेगळी. जर्मनीत प्राणी संरक्षण कायद्यानुसार माशाला इजा करायला रास्त कारण लागतं आणि अन्न हे ते कारण मानलं जातं. केवळ खेळ म्हणून धरायचं आणि सोडायचं, हे तिथे कायद्याच्या कचाट्यात येऊ शकतं. आपली कितीतरी मराठी मुलं आज तिकडे नोकरीला आहेत. हा मजकूर वाचून कुणी तिकडच्या तळ्यावर गेला तर अडचणीत येईल.

आता ‘मोठा ठेवा, छोटे सोडा’. ऐकायला शहाणपणाचं वाटतं, कारण त्यात अर्धं खरं आहे. पिल्लं सोडायलाच हवीत. महाराष्ट्रात 2023 साली समुद्रातल्या 54 जातींसाठी किमान आकार ठरवून दिला गेला, तो याच विचाराने. पण उरलेलं अर्धं आपल्या खाडीतल्या जिताड्याच्या मुळावर येणारं आहे.

जिताडा जन्मतो तो बहुतेक नर म्हणून. तीन-चार वर्षांचा होतो तेव्हा नर म्हणून वयात येतो, आणि पुढे काही वर्षांनी तोच मासा मादी होतो. त्यामुळे खाडीतले साधारण मीटरभर लांबीचे जिताडे जवळपास सगळे माद्या असतात, आणि अशा एकेका मादीच्या पोटात लाखो अंडी असतात. ती खाडीच्या मुखाशी खाऱ्या पाण्यात अंडी घालते. पिल्लं भरतीबरोबर आत शिरतात, खाजणात, म्हणजे भरतीचं पाणी शिरणाऱ्या दलदलीत, वाढतात. खारेपाटातल्या तळ्यांत जिताडे वाढवणाऱ्यांनाही शेवटी त्या पिल्लांचाच आधार. आणि आपण फोटोसाठी, पाहुण्यांसाठी, कौतुकासाठी नेमकी तीच मादी उचलतो! ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये याच माशाला बॅरामुंडी म्हणतात. तिथे 58 सेंटीमीटरच्या आतला ठेवायचा नाही आणि 120 सेंटीमीटरच्या वरचाही ठेवायचा नाही असा नियम आहे. जेवणाला मधला घ्या, पिल्लू आणि म्हातारी दोघांना सोडा, एवढा साधा अर्थ.

हेकरूत हे चक्र उलटं फिरतं. तो आधी मादी असतो, मोठा झाल्यावर नर होतो. सगळे मोठे उचलले तर नर उरत नाहीत. म्हणून सगळ्या जातींना एकच नियम लावता येत नाही. आपल्या पाण्यातला मासा ओळखावा लागतो.

‘कुठलाही मासा पाण्यात परत गेला की भलंच’ हे म्हणणाऱ्याने चिलापीकडे (तिलापिया) बघावं. ही आफ्रिकेची जात 1952 साली भारतात आणली गेली. आज गोड्या पाण्यात जिथे गरी टाकाल तिथे तीच लागते, आणि आपल्या देशी माशांची जागा आणि खाणं तिने घेतलंय. धरलेली चिलापी परत सोडण्यात पुण्य नाही. तिचं कालवण करा. तसाच बाहेरून आलेला आफ्रिकन मांगूर लागला तरी तो पुन्हा पाण्यात जाता कामा नये.

महसीर या नदीतल्या मोठ्या माशाची कथा यापेक्षा गुंतागुंतीची आहे आणि ती लोणावळ्यापासून सुरू होते. साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने मुळा-मुठेतल्या महसीरचं वर्णन 1839 साली केलं. पुढे धरणांनी आणि मासे मारायला लावलेल्या सुरुंगांनी तो आटत गेला, तेव्हा 1970 च्या दशकात टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्याजवळ वळवणला त्याची पैदास सुरू केली. काम मोठं होतं, त्याबद्दल मला आदरच आहे. तिथली पिल्लं इतर नद्यांत सोडली गेली, कावेरीतही. पण कावेरीत तिचा स्वतःचा, केशरी परांचा, पाठीला उंचवटा असलेला महसीर होता. बाहेरून आलेला वाढला, घरचा घटत गेला. 2018 साली घरच्याचं शास्त्रीय नाव पक्कं झालं, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला.

हे कळलं कशावरून? कावेरीकाठच्या गालिबोरे कॅम्पवर 1998 ते 2012 या काळात गरवणाऱ्यांनी धरून सोडलेल्या माशांच्या नोंदींवरून. धरून सोडण्याचा हा खरा उपयोग, आणि तो मी मनापासून मान्य करतो. पण तो मिळाला प्रत्येक मासा कुठला आणि केवढा हे वर्षानुवर्षं लिहून ठेवल्यामुळे. आणि महाडजवळ वाळणकोंडीला काळ नदीच्या डोहात महसीर पिढ्यान्‌पिढ्या टिकला, तो कुणी धरून सोडला म्हणून नव्हे. देवीचे मासे म्हणून तिथे कुणी गरीच टाकत नाही.

राहिला शेवटचा आरोप, हौसेने गरवून खाणारे मासे संपवतात हा. पर्ससीन, म्हणजे अख्खा थवा घेरणारी मोठी जाळी, आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीपुढे आमचा एक रॉड म्हणजे काय, असं उत्तर मला देता येईल. पण त्याआड मी लपणार नाही. सुट्टीच्या दिवशी एकाच खडपावर वीस-वीस रॉड उभे असतात, आणि छोट्या खाडीत त्याचा फरक पडतो. फक्त तो फरक सोडणाऱ्यांमुळेही पडतो. सकाळपासून पंधरा मासे धरून पंधरा सोडणाऱ्याच्या हातून दोन-तीन मेले असण्याची शक्यता आहे, आणि ते त्याला दिसलेही नाहीत. दोन मासे धरून दोन्ही घरी नेणारा आणि मग रॉड गुंडाळणारा माणूस त्याच्यापेक्षा वाईट कसा?

मजकूर पाठवणाऱ्या भाच्याला मागच्या उधाणाला बरोबर घेऊन गेलो. निघतानाच ठरलं होतं, जेवणापुरता एक. पहिला जिताडा अडीच-तीन किलोचा, तो ठेवला, लगेच मारला, बर्फात घातला. थोड्या वेळाने दुसरा लागला, तो बराच मोठा. भाचा म्हणाला, “मामा, एक फोटो?” मी नको म्हटलं. तो गुडघाभर पाण्यात उतरला, मासा पाण्यातच आडवा धरला, काटा दाबलेली गरी एका वळशात निघाली. त्याने तोंड प्रवाहाकडे करून पोटाखाली हात ठेवला. कल्ले उघडझाप करत होते. मग शेपटीचा एकच फटका बसला, भाचा तोंडापर्यंत भिजला आणि मासा गेला.

डब्यात मूठभर कोळंबी उरली होती. ती खाडीत टाकली आणि आम्ही निघालो.