जाम नळी आणि ‘दांडा घाला, तापवा, ओढा’ हा सल्ला

बोल्ट-ॲक्शन रायफलची, म्हणजे जिचा बोल्ट हाताने मागेपुढे सरकवायचा असतो तिची, जुनी नळी काढण्याबद्दल एक सल्ला फार फिरतो. खास हत्यारं लागत नाहीत, असं त्यात म्हटलेलं असतं. नळी साध्या व्हाइसमध्ये आवळा, रिसीव्हरच्या (नळी ज्यात बसते आणि बोल्ट ज्यात सरकतो तो भाग) खिडकीतून लोखंडी दांडा आरपार घाला, हललं नाही तर टॉर्चने तापवा, तरीही नाही तर दांड्याला लांब पाइप लावून ओढा. नवी नळी घट्ट फिरवून बसवली की काम संपलं. या सल्ल्याने चांगले रिसीव्हर कायमचे निकामी होतात, आणि शेवटचं वाक्य तर रायफल झाडणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतं.

आधी नळी आट्यांवर बसवलेली आहे का, हेच सल्ला विचारत नाही. अनेक .२२ रायफलींमध्ये नळी दाबून बसवलेली असते आणि आडव्या पिना तिला धरून ठेवतात. ती फिरवायची नसतेच. सॅव्हेज ११० मध्ये नळीवर वेगळा नट असतो, तो त्याच्याच पान्ह्याने आधी सैल करावा लागतो. मॅगझिन आणि चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतुसाची जागा) रिकामं असल्याची डोळ्यांनी व बोटाने खात्री करून बोल्ट, दस्ता, दुर्बिणीचे माउंट, ट्रिगर आणि बोल्ट-स्टॉप उतरवल्याशिवाय पुढे जाऊ नये. नळी व रिसीव्हरच्या सांध्यावर खालच्या बाजूने एक बारीक रेघ ओढून ठेवावी. नळी खरंच हलली की व्हाइसमध्ये नुसती घसरली, ते त्या रेघेवरून कळतं.

‘साधा व्हाइस पुरतो.’ निमुळत्या गोल नळीला सपाट जबडे दोनच रेषांवर टेकतात. जोर पडला की नळी घसरते, ओरखडे पडतात आणि पकड पहिल्यापेक्षा कमी होते. नळीच्या उताराशी जुळणारे ॲल्युमिनियमचे किंवा कठीण लाकडाचे दोन अर्धे ठोकळे आणि ते आवळणारे जाड स्क्रू, असा नळीचा व्हाइस लागतो. नळीवरचं तेल ॲसिटोनने पूर्ण पुसून ठोकळ्यांत राळेची पूड टाकावी. पकड रिसीव्हरच्या जितकी जवळ तितकी चांगली, कारण मधला मोकळा भाग पिळला जातो आणि ठोक्याचा जोर त्यातच जिरतो. बाक जमिनीला किंवा भिंतीला पक्का नसेल तर नळीऐवजी बाकच फिरेल.

‘खिडकीतून दांडा घाला.’ सल्ल्यातलं सर्वांत घातक वाक्य हे आहे. आटे रिसीव्हरच्या पुढच्या गोल कड्यात असतात, आणि दांडा जोर लावतो मॅगझिनच्या खिडकीशी, जिथे रिसीव्हरच्या दोन बारीक पट्ट्याच उरलेल्या असतात. आटे सुटण्याआधी त्या पट्ट्या पिळल्या जातात. पीळ डोळ्यांना दिसत नाही. पुढे बोल्ट अडकत चालतो आणि त्याचे दोन लग, म्हणजे बोल्टला रिसीव्हरमध्ये अडकवून धरणारे कान, सारखे टेकत नाहीत. घट्ट नळीसाठी पुढच्या कड्याला बाहेरून कवटाळणारा, त्या कड्याच्या आकाराचाच पान्हा हवा. मागून आत जाणारा पान्हा सैल नळीला ठीक, जाम नळीला नाही.

‘तापवा, सुटेल.’ पोलाद दर अंशाला सुमारे बारा दशलक्षांश इतकं फुगतं. २७ मिमी व्यासाचं कडं १०० अंशांनी तापवलं तर ०.०३ मिमीच वाढतं, आणि आतली नळीही सोबत तापत असल्याने प्रत्यक्षात त्याहून कमी फरक पडतो. जुन्या माउझरचे रिसीव्हर मऊ पोलादाचे, वरून कार्बन देऊन कठीण केलेले असतात. पोलादावर निळा रंग सुमारे ३०० अंशांना येतो. लगच्या जागेपाशी तो रंग दिसला म्हणजे तिथला कठीणपणा उतरू लागला. रंगावर विसंबण्याची किंमत काय असते, हे १९०३ च्या स्प्रिंगफील्ड रायफलींनी दाखवलं आहे. रिसीव्हर बनवताना कारागीर तापलेल्या पोलादाच्या रंगावरून नजरेने तापमान ठरवत, आणि स्प्रिंगफील्ड कारखान्याच्या ८,००,००० व रॉक आयलंड कारखान्याच्या २,८५,५०७ या क्रमांकांखालचे रिसीव्हर त्यामुळे ठिसूळ होण्याचा धोका राहिला. आट्यांत लॉकिंग द्रव (आटे चिकटवून धरणारा) वापरलेला असेल तरच उष्णता उपयोगाची, आणि तीही गरम हवेच्या गनने, मोजून, २५० अंशांच्या आसपास.

त्याऐवजी तेल आणि वेळ द्यावा. पण तेल बाहेरून सांध्यावर ओतून फारसं आत जात नाही, कारण तिथे नळीचा खांदा (आट्यांपुढची जाड पायरी) रिसीव्हरच्या तोंडावर आवळून बसलेला असतो. चेंबरला बूच लावून रायफल तोंड खाली करून उभी करावी आणि मागून, नळीच्या मागच्या टोकाभोवती भेदक तेल साचू द्यावं. दोन-तीन दिवस, रोज थोडं.

‘लांब पाइप लावून ओढा.’ ६० सेंमीच्या मुठीवर ५० किलोचा जोर म्हणजे जवळपास ३०० न्यूटन-मीटर. नळी बसवताना साधारण ७० ते १३५ लावतात. हळूहळू ओढल्याने सगळं पिळत जातं, म्हणून पान्ह्याच्या मुठीवर जड हातोड्याचा एकच कोरडा ठोका अधिक कामाचा. आटे बहुतेक उजवे असतात: रिसीव्हरच्या मागून पाहून पान्हा घड्याळाच्या उलट दिशेने. काही ठोक्यांत रेघ सरकली नाही तर थांबावं. एडिस्टोनच्या एम१९१७ रायफलींच्या नळ्या इतक्या घट्ट असतात की जबरदस्तीत रिसीव्हरला तडे गेलेले आहेत.

जुनी नळी टाकूनच द्यायची असेल तर लेथवर खाच घेणं हा खरा उपाय. रिसीव्हरच्या तोंडापासून जेमतेम मिलिमीटरभर पुढे, ३ मिमी रुंद, आणि आट्यांच्या बाहेरच्या व्यासापर्यंतच खोल. खांद्याचा दाब सुटतो आणि नळी अनेकदा सहज फिरते. त्याहून खोल गेलात तर नळी तिथेच तुटून आटे आत राहतील. माउझर ९८ मध्ये मात्र खाचेचा फायदा कमी, कारण तिथे नळीचं मागचं टोक रिसीव्हरच्या आतल्या कड्यावर दाबलेलं असतं.

‘नवी नळी घट्ट बसवली की झालं.’ नळी किती आत बसली यावर मिटलेल्या बोल्टपुढे काडतुसाला मिळणारी जागा ठरते; ती जास्त झाली तर झाडताना काडतूस फुटू शकतं. ही जागा ‘गो’ आणि ‘नो-गो’ या दोन मापांच्या ठोकळ्यांनी, म्हणजे गेजांनी, तपासतात. .३०८ विंचेस्टरसाठी ‘गो’ गेज १.६३० इंचांचं आणि ‘नो-गो’ १.६३४ इंचांचं, म्हणजे मधला फरक ०.१ मिमी. रेमिंग्टन ७०० च्या आट्यांवर एवढा फरक नळीच्या जेमतेम २३ अंशांच्या फिरण्यात होतो. हाताच्या अंदाजाने तो पकडता येत नाही. बोल्टमधून एक्स्ट्रॅक्टर, इजेक्टर आणि फायरिंग पिन काढून, फक्त बोटाच्या जोराने बोल्ट ‘गो’वर मिटला पाहिजे आणि ‘नो-गो’वर मिटता कामा नये. जुनीच नळी पुन्हा रेघ जुळवून चढवली तरी ही तपासणी चुकत नाही. आणि त्याआधी रिसीव्हरचं कडं तडे दाखवणाऱ्या रंगद्रवाने तपासून घ्यावं.